विद्यार्थी फक्त फॉर्म भरत नाहीत

‘पदवीची मुलं संशोधनात म्हणजे फॉर्म भरायला आणि झेरॉक्स काढायला’ असं मत ऐकू येतं. ते बऱ्याच ठिकाणी खरं असेल, पण लहान मुलांच्या एडीएचडीवरच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) संशोधनाबाबत सरसकट नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम पेलहॅम यांनी १९८० मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात सुरू केलेलं उन्हाळी उपचार शिबिर (नंतर बफेलो, मग मायामी) चालतंच मुळी कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या जिवावर. दिवसभर, आठवड्याचे पाच दिवस. मुलं फुटबॉल खेळतायत आणि समुपदेशक म्हणून आलेले हे विद्यार्थी नियम पाळला की गुण, चिडवलं की वजा, असं तिथल्या तिथे मोठ्याने सांगून टिपतायत. उपचार तोच आणि संशोधनाचा डेटाही तोच. एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या, ५७९ मुलांच्या एमटीए अभ्यासातही (निष्कर्ष १९९९) वर्तनोपचाराचा भाग म्हणून आठ आठवड्यांचं हे शिबिर होतं.

माझी भाची अशाच एका शिबिरात समुपदेशक होती. खेळ, ऊन वगैरे सोपं. जीव गेला तो मुलांच्या वागण्याच्या व्याख्या पाठ करताना. ‘तक्रार’ कुठे संपते आणि ‘व्यत्यय’ कुठे सुरू होतो, यावर दोन समुपदेशकांच्या नोंदी जुळायला हव्यात ना! म्हणाली, ‘‘मामा, पहिले काही दिवस मी मुलांकडे बघतच नव्हते, नुसती कागदाकडे.’’