थेट चित्रकाराकडून तैलचित्र घेताना काय पाहावे?

माहीमकर: काळा घोडा येथे जहांगीर कलादालनाबाहेरच्या पदपथावर भाऊच्या धक्क्याच्या पहाटेचे एक तैलचित्र पाहिले आणि ते मनातून जाईना. शैली दृक्‌प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट), आकार 24 × 36 इंच, चित्रकाराने सांगितलेली किंमत 40,000 रुपये. चित्र दोन महिन्यांपूर्वीच पूर्ण झाले, असे ते म्हणाले. आमच्या भिंतीवर आजवर फक्त कालनिर्णय लागले असल्याने विचारतो: ही छापील प्रत नाही हे कसे ओळखावे, आणि मध्ये कलादालन नसताना कागदोपत्री काय मागावे?

रंगलेपन: चित्रावर बाजूने तिरका उजेड पाडून पाहा. छापील कॅनव्हासवरही पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले असतात, त्यामुळे नुसते उंचवटे दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. उंचवट्याची कड आणि रंगाची कड एकमेकींशी जुळतात का, ते पाहा. भिंगातून छपाईचे बारीक ठिपके दिसले, तर विषय तिथेच संपला.

दोन महिन्यांचे चित्र मात्र अजून कोवळे आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. म्हणून वरून कोरडा वाटणारा जाड थर आत कित्येक महिने ओला राहू शकतो. नेहमीचे व्हार्निश साधारण सहा महिने ते वर्षभराने लावतात. तोवर काच रंगाला टेकेल अशी फ्रेम करू नका, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर चित्र मुळीच टांगू नका, कारण मागून बुरशी येते. गुंडाळी करून लोकलमधून नेण्याचा मोहही टाळा.

कागदोपत्री म्हणाल, तर सहीचे बिल घ्या आणि त्यात शीर्षक, माप, माध्यम, वर्ष व ‘मूळ चित्र’ हे शब्द लिहून घ्या. चित्र तुमचे झाले तरी 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्याचा स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे चित्रकाराकडेच राहतो, म्हणून उद्या त्याची भेटकार्डे छापायची असतील, तर वेगळी लेखी परवानगी लागेल. पुढे ते 10,000 रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले, तर त्या रकमेत वाटा मागण्याचा हक्क चित्रकाराला आहे. तो 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही.

जुना विद्यार्थी: कागद हवेतच, पण चित्र धक्क्यावर बसून रंगवले की छायाचित्रावरून, हेही विचारा. 1874 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात फ्रेंच चित्रकार मोनेच्या ज्या चित्रावरून या पंथाला नाव मिळाले, तेही ल हाव्र बंदराच्या पहाटेचेच आहे. आणि त्या मंडळींचा सारा खटाटोप क्षणाक्षणाला पालटणारा उजेड पकडण्याचा होता, म्हणून सावलीही ते काळ्याऐवजी रंगांनीच दाखवत. सावलीत निळा-जांभळा न दिसता नुसता काळा मिसळलेला दिसला, तर मी तरी 40,000 देताना थांबेन. अर्थात हे माझे मत. तुम्हाला चित्र आवडले आहे, हे कारणही लहान नाही.

माहीमकर: काल पुन्हा जाऊन आलो. चित्रकारांनी धक्क्यावर केलेली तीन छोटी तैलरेखाटने दाखवली. मोठे चित्र त्यांवरून घरी केले, हे त्यांनी आपणहून सांगितले. सावल्या जांभळ्या आहेत. बिल हाती लिहून दिले, आणि वर्षभराने स्वतः येऊन व्हार्निश लावून देण्याचे कबूल केले. चित्र टॅक्सीच्या मागच्या आसनावर उभे धरून आणले. आता ते दिवाणखान्याच्या आतल्या भिंतीवर आहे आणि खोलीला अजून जवसाच्या तेलाचा वास येतो.