सोनोग्राफीच्या पडद्यावर सरकारचं काय काम?

मृद्गंध_ह्यूस्टन
काल इथे 'ठोके ऐकवले तर बिघडलं काय?' असा धागा आला. लेखकाचं म्हणणं, अमेरिकेतल्या काही राज्यांत गर्भपाताआधी सोनोग्राफी दाखवायचा कायदा आहे तो योग्यच. माहितीला कशाला घाबरायचं? प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळं लिहितेय.

टेक्ससचा २०११ चा कायदा बघा. गर्भपाताच्या २४ तास आधी सोनोग्राफी. डॉक्टरने चित्र दाखवायचं, ठोके ऐकवायचे, अवयव दिसतात का ते सांगायचं. बाईला चित्र नाकारता येतं, ठोके नाकारता येतात. वर्णन मात्र ऐकावंच लागतं. बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग अशा मोजक्याच सवलती. शंभर मैलांपलीकडून येणारीला २४ ऐवजी दोन तास थांबायचं. म्हणजे जवळ राहणारीनेच दोनदा रजा काढायची आणि दोनदा खेटे घालायचे.

माझी रूममेट यातून गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. तिने मान भिंतीकडे वळवली. डॉक्टर आधी म्हणाले, "कायद्यामुळे बोलावं लागतंय, माफ करा," आणि एका सुरात सगळं सांगून टाकलं. आपण किती आठवड्यांच्या आहोत ते तिला पाठ होतं. संताप येतो अजून.

कोकणचा_अप्पा
तो धागा माझा. मैत्रिणीचं वाचून वाईट वाटलं, पण सगळे कायदे टेक्ससचे नसतात. फ्लोरिडात सोनोग्राफी होते, बघायचं नसेल तर लिहून द्यायचं, विषय संपला. माझी भाची तिथलीच. नवरा सोडून गेलेला, ती ठरवूनच गेली होती. पडद्याकडे बघितलं आणि उठून घरी आली. लेक आता दुसरीत आहे. त्या पोरीसमोर उभं राहून सांगा मला, दाखवणं चूक होतं म्हणून.

आकडेमोडे
अप्पा, एका भाचीवरून कायदा होत नाही. लॉस एंजेलिसमधल्या साडेपंधरा हजार भेटींचा अभ्यास २०१४ साली आला. तिथे चित्र बघायची सक्ती नाही, तरी ४२.५ टक्के बायकांनी बघितलं. बघणाऱ्यांपैकी ९८.४ टक्के जणींनी गर्भपात केलाच, न बघणाऱ्यांपैकी ९९ टक्के. जो थोडा फरक पडला तो आधीच द्विधा मनःस्थितीत असलेल्यांमध्ये.

कोकणचा_अप्पा
म्हणजे द्विधा असलेल्यांना फरक पडतो, हे तुम्हीच लिहिलंत. आभार.

आकडेमोडे
पडतो. सक्ती नसतानाही पडतो. ज्यांना बघायचं होतं त्यांनी मागून बघितलं, मग कायदा हवा कशाला?

डॉ_काळापांढरा
नांदेडकडे सोनोग्राफी करतो. तिकडे पडदा वळवला नाही तर डॉक्टर दोषी, इकडे वळवून मुलगा की मुलगी सांगितलं तर दोषी. लिंगनिदानबंदी कायद्यापायी प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीमागे नोंदीचा एफ फॉर्म. एक रकाना कोरा राहिला म्हणून माझ्या मित्राचं मशीन सील झालं. तालुक्याच्या पेशंटना पुढे जिल्ह्याला पाठवावं लागलं. २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, नोंदीतल्या चुकीला कारकुनी चूक म्हणून सोडायचं नाही. मग कायदेशीर गर्भपातालाही डॉक्टर हात लावत नाहीत. बाई जाते गोळ्या विकणाऱ्याकडे. यावर धागा काढा कुणीतरी.

वाघीण_बीडची
रकाना? डॉक्टर, २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण विसरलात? माझ्या आत्येबहिणीच्या वेळी डॉक्टर 'मुलगी' म्हणाले नव्हते, "बर्फी आणा" म्हणाले. सासू समजली. चौथ्या दिवशी पोट रिकामं. त्या दवाखान्याचे फॉर्म चकचकीत भरलेले असणार!

डॉ_काळापांढरा
तेच म्हणतोय ना! तो फॉर्म नीट भरून सुटला, माझा मित्र रकाना चुकून अडकला. मला त्या माणसाच्या पंगतीला बसवू नका. वीस वर्षांत मी एकदाही लिंग सांगितलेलं नाही.

वाघीण_बीडची
तुम्ही नसेल सांगितलं. मानते. पण फॉर्म काढून टाका म्हणालात तर पहिला विरोध माझा.

सातारी_कंदी
मूळ विषयावर या हो. टेक्ससमध्ये २०२२ नंतर गर्भपात जवळपास बंदच आहे, व्हर्जिनियाने सोनोग्राफीची सक्ती २०२० ला काढून टाकली. कशावर भांडताय?

मृद्गंध_ह्यूस्टन
बंद झालाय म्हणूनच भांडतेय. २०११ ला 'नुसती माहिती' होती, २०२१ ला ठोके दिसले की मनाई, २०२२ ला सगळंच गेलं. हंगेरीनेही २०२२ मध्येच गर्भाच्या जिवंतपणाच्या खुणा दाखवायचा नियम केला. आणि वाघीण, तुझ्या बहिणीला कुणी विचारलंच नव्हतं, माझ्या मैत्रिणीचं कुणी ऐकलं नव्हतं. आपल्याकडे १९७१ च्या कायद्यात सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, तरी पुण्यातल्या एका रुग्णालयात माझ्या वहिनीकडे नवऱ्याची सही मागितली. भाऊ बोटीवर होता, सहा महिने. चार रुग्णालयं फिरली ती.

डॉ_काळापांढरा
सही आम्ही मागतो. नंतर नवरा दहा माणसं घेऊन येतो, काचा फुटतात.

मृद्गंध_ह्यूस्टन
काचांसाठी पोलीस आहेत डॉक्टर. सही मागू नका.

कोकणचा_अप्पा
दोन खेटे आणि जबरदस्तीचं वर्णन, एवढं चूक. लिहून घ्या. पण 'बघायचंय का?' एवढं विचारायला डॉक्टरला बांधून घालण्यात मला अजूनही गैर दिसत नाही. भाचीला कुणी विचारलं नसतं तर तिने स्वतःहून मागितलं नसतं, हे ती स्वतः सांगते.

वाघीण_बीडची
अप्पा, आमच्याकडे सासूही तेच विचारते. बघायचंय का.