पोलिश ‘गोतोवाच’: उकळणं की तयार करणं?

शब्दवेल्हाळ: पोलिश शिकवताना ‘गोतोवाच’ या क्रियापदाचा अर्थ सरसकट ‘उकळणे’ सांगतात, ते मला मुळीच पटत नाही. शब्द आला ‘गोतोवी’वरून, म्हणजे ‘तयार’. रोख रकमेला ‘गोतूफ्का’ म्हणतात तीही याच कुळातली, हाताशी तयार असलेला पैसा. म्हणजे आधी सिद्ध करणं, चूल मागाहून आली. आपली ‘पाकसिद्धी’ आठवा.

क्राकूवकर: असहमत. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ‘वोदा शे गोतुये’ म्हणजे पाणी उकळतंय. त्यात ‘तयार’ कुणाच्या मनातही येत नाही. माणूस संतापाने धुमसतो तेव्हाही हेच क्रियापद. आणि डुकराच्या मांसाचा स्हाबोवी कटलेट घ्या. त्याला ‘स्माझिच’, म्हणजे तळणं, असंच म्हणतात. ‘गोतोवाच’ केला म्हणालात तर लोक समजतील, पाण्यात उकडला!

शब्दवेल्हाळ: एकटा कटलेट असेल तर, हो. पण बाई म्हणते ‘गोतुये ओब्यात’, दुपारचं जेवण करतेय. त्या ताटात हाच तळलेला कटलेट, उकडलेले बटाटे, वर कोबीची कच्ची कोशिंबीरसुद्धा. कोशिंबीर कोण उकळतं?

जुनंपान: दोघंही ‘वाझिच’ला विसरलात. शिजवण्या-उकळण्याचं जुनं स्लाव्ह क्रियापद ते. रशियनमध्ये अजून वाटणी शाबूत आहे: उकडायला ‘वारीत्य’, स्वयंपाकाला ‘गोतोवित्य’. पोलिशमध्ये ‘वाझिच’ आक्रसत गेलं आणि मुख्यतः बिअर करणं, खारं पाणी आटवून मीठ काढणं एवढ्यापुरतं उरलं. भाजीला ‘वाझिवो’ म्हणतात, त्यातही ते टिकून आहे. रिकामी जागा ‘गोतोवाच’ने व्यापली, म्हणून त्याच्या गळ्यात दोन्ही कामं पडली. माझ्या मते वादाचं मूळ इथंच आहे.

मुळाक्षर: ‘गोतोव’ हे मूळच गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतल्या ‘गताउयन’ (करणे) वरून आलं, असंही एक मत आहे ना?

जुनंपान: आहे, पण वादग्रस्त. ते स्लाव्हच मानणारेही आहेत. आणि ते ठरलं तरी इथला प्रश्न सुटत नाही.

क्राकूवकर: ‘वाझिच’ मागे पडलं म्हणून उकळण्याचा अर्थ इकडे सरकला, हे मान्य. पण सरकला ना? मग शिकणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी सांगायला हवा. चहाचं पाणी तर पहिल्याच दिवशी ठेवावं लागतं.