मदत हवी आहे : मुलगी 21 वर्षांची होताना एच-4 वरून एफ-1 या विद्यार्थी दर्जाकडे कसे जावे?

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. यजमानांच्या नोकरीमुळे 2011 मध्ये नाशिकहून इथे आलो, तेव्हा आमची मुलगी पाच वर्षांची होती. येत्या 20 फेब्रुवारीला तिला 21 वर्षे पूर्ण होतील आणि त्याच दिवशी तिचा एच-4 दर्जा (एच-1 वर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबीयांना मिळणारा) संपेल, कारण इथल्या स्थलांतर कायद्यात 'मूल' म्हणजे 21 वर्षांखालचे अविवाहित अपत्य. ती विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. बालवाडीपासूनचे तिचे सगळे शिक्षण इथेच झाले, आणि या सर्व वर्षांत आमच्यापैकी कोणीही एक दिवसही कागदपत्रांविना राहिलेले नाही.

ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही ईबी-2 या नोकरीवर आधारित वर्गात आहोत आणि आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, मार्च 2018 ची आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण 1,40,000 निघतात आणि कोणत्याही एका देशाला त्यांतला सुमारे 7 टक्केच वाटा मिळतो. त्यामुळे फेब्रुवारीपूर्वी आमचा नंबर लागण्याची आशा आम्ही सोडली आहे.

वय उलटून जाणाऱ्या मुलांना संरक्षण देणाऱ्या 2002 च्या सीएसपीए कायद्याचा आधार मिळेल, असे आम्ही बरीच वर्षे धरून चाललो होतो. नंबर उपलब्ध होईल त्या दिवशीच्या मुलाच्या वयातून आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला) अर्ज जितके दिवस प्रलंबित राहिला तितके दिवस वजा करतात, एवढे मला समजले आहे. आमचा आय-140 कंपनीने प्रीमियममध्ये, म्हणजे जादा शुल्क देऊन जलद निर्णयासाठी, भरला आणि तो 11 दिवसांत मंजूर झाला. त्या संध्याकाळी मी घरी पेढे केले होते. आता हिशेब मांडल्यावर लक्षात येते की मुलीच्या वयातून वजा होणार ते हेच 11 दिवस. तोच अर्ज नेहमीच्या गतीने वर्षभर पडून राहिला असता, तर तिच्या पदरात वर्ष पडले असते. मंजुरीचा तो कागद निळ्या फाइलमध्ये सर्वांत वर आहे, आणि फाइल उघडली की पहिली नजर त्याच्यावरच जाते.

कंपनीच्या वकिलांना विचारले, तर आपण केवळ एच-1 आणि एच-4 च्या मुदतवाढीचे काम पाहतो, असे त्यांनी एका ओळीत कळवले. ओळखीतल्या एका सल्लागाराने सांगितले की मुलीच्या आय-94 वर (इथे राहण्याची मुदत दाखवणाऱ्या नोंदीवर) सप्टेंबरपर्यंतची तारीख छापलेली आहे, तेव्हा सेमिस्टर संपल्यावर सावकाश अर्ज केला तरी चालेल. हे मला पटलेले नाही, परंतु खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नाही. काही जणांनी 'डाका' (DACA) या, लहानपणी इथे आलेल्या पण कायदेशीर दर्जा नसलेल्यांसाठीच्या योजनेचे नाव सुचवले, पण त्या योजनेसाठी 15 जून 2012 रोजी अर्जदाराकडे कायदेशीर दर्जा नसणे आवश्यक होते, आणि आमच्या मुलीकडे तो होता.

माझे प्रश्न असे आहेत. एफ-1 साठीचा अर्ज नेमका कोणत्या दिवसापर्यंत पोहोचला पाहिजे? निर्णय येईपर्यंत तिला कॉलेजला जाता येईल का? आणि कंपनीशी संबंध नसलेला, परवडणारा आणि विश्वासू वकील कसा शोधावा? परवा रात्री मुलीने विचारले, "आई, फेब्रुवारीनंतर मी इथे नक्की कोणाच्या आधाराने राहणार?" तिला देण्यासाठी मला खरे उत्तर हवे आहे.

प्रतिसाद

ताई, तीन वर्षांपूर्वी आमच्या मुलाच्या वेळी आम्ही याच वाटेने गेलो. मी वकील नाही. आम्हाला जे शिकावे लागले ते लिहितो.

सर्वप्रथम त्या सल्लागाराचे म्हणणे बाजूला ठेवा. आय-94 वर पुढची तारीख चुकून छापली गेली असली, तरी एच-4 दर्जा 21 व्या वाढदिवसालाच संपतो. दर्जा बदलण्याचा आय-539 अर्ज त्यापूर्वी यूएससीआयएस या स्थलांतर खात्याकडे पोहोचलेला असायला हवा. वाढदिवसाच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. एखादी सही राहिली म्हणून अर्ज परत आला, तर दुसऱ्यांदा भरायला वेळ हाताशी असला पाहिजे.

अर्जाच्या आधी आय-20 हे एफ-1 साठीचे प्रमाणपत्र लागते आणि ते विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील नेमलेले अधिकारी, म्हणजे डीएसओ, देतात. तुमची मुलगी तिथे आधीपासून शिकत असल्याने प्रवेशाचा प्रश्न नाही, पण वर्षभराच्या खर्चाची तजवीज दाखवणारी बँकेची कागदपत्रे द्यावी लागतील. आय-20 आला की 350 डॉलरचे सेविस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) शुल्क भरून त्याची पावती अर्जासोबत जोडायची. पूर्वी एफ-1 चा अभ्यासक्रम सुरू होण्याच्या 30 दिवस आधीपर्यंत मूळ दर्जा टिकवण्यासाठी मधले अर्ज करत राहावे लागत असे; जुलै 2021 पासून ती अट गेली. अर्ज वेळेत आणि नियमानुसार भरला असेल, तर निर्णय होईपर्यंत तिला इथे राहता येते. आमच्या मुलाचे वर्ग या काळात चालू होते, परंतु ते डीएसओंना विचारून आणि त्यांचे उत्तर ईमेलवर घेऊन. आय-20 वरील सुरुवातीची तारीख उलटून जाऊ लागली, तर ती पुढे सरकवण्याचे कामही डीएसओच करतात. मंजुरी येईपर्यंत कॅम्पसवरील नोकरी मात्र करायची नाही. मंजुरीनंतर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत ती करता येते. एच-4 वर हेही शक्य नव्हते, त्यामुळे तिला याचा आनंदच होईल.

फीचा प्रश्न विसरू नका. एच-4 वर स्थानिक रहिवाशाची फी लागत असेल, तर एफ-1 झाल्यावरही तीच राहील असे गृहीत धरू नका. नियम राज्यागणिक निराळे आहेत. विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. केंद्र सरकारचे शैक्षणिक साहाय्य या दोन्ही दर्जांवर मिळत नाही.

सीएसपीएबद्दल तुमचा हिशेब बरोबर आहे. 2023 मध्ये त्यात थोडी सवलत मिळाली होती, ती 15 ऑगस्ट 2025 पासून काढून घेतली. तुमच्या तारखेला त्याने फरक पडत नाही. पेढ्यांच्या त्या दिवसाचा दोष स्वतःकडे घेऊ नका. प्रीमियमचा हा परिणाम तेव्हा तुम्हाला कोणी सांगितला नाही, आणि सांगायला हवा होता. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : पुढे तुम्हाला ग्रीन कार्ड मिळाल्यावर 21 वर्षांवरील अपत्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. तीही रांग मोठी आहे, आणि मुलगी अविवाहित असेल तोपर्यंतच ती वाट खुली राहते.

वकिलाबाबत सांगायचे, तर स्थलांतर कायदा केंद्राचा असल्याने कोणत्याही राज्यात सनद असलेला वकील चालतो. सनद चालू आहे का, हे त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर पाहता येते. न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थांचे अधिकृत प्रतिनिधीही अल्प शुल्कात असे अर्ज हाताळतात, आणि काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी मोफत विधी साहाय्य कक्ष असतो. स्वतःला केवळ 'सल्लागार' म्हणवणाऱ्याला कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार नाही. कंपनीने आय-140 ची पूर्ण प्रत दिली नसेल, तर आपल्याकडील माहितीच्या अधिकारासारखा इथे फोइया कायदा आहे; त्याखाली यजमानांना ती मागवता येईल.

शेवटी, अर्ज प्रलंबित असताना मुलगी देशाबाहेर गेली, तर दर्जा बदलण्याचा अर्ज सोडून दिला असे धरले जाते. डिसेंबरच्या सुट्टीत भारतात जायचा बेत असेल, तर आत्ताच विचार करा.

धागाकर्ती

आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, मनःपूर्वक आभार. आज डीएसओंची मंगळवारची वेळ घेतली आणि मुलीने तीन प्रश्न स्वतःच्या हाताने लिहून काढले. विद्यापीठात विधी साहाय्य कक्ष आहे, हेही तिनेच शोधले.

तुमचे शेवटचे वाक्य वाचून मात्र पोटात गोळा आला. डिसेंबरात सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन आहे आणि चौघांची तिकिटे काढून झाली आहेत. एच-4 वर जाऊन परत यायचे आणि जानेवारीत अर्ज करायचा, तर हाताशी जेमतेम पाच आठवडे उरतात. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात एफ-1 ची मुलाखत देऊन त्याच दर्जावर परत यायचे, हा दुसरा मार्ग आहे; परंतु एफ-1 साठी मायदेशी परतण्याचा हेतू दाखवावा लागतो, आणि आई-वडील ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्या मुलीने तिथे खरे तेच सांगितल्यावर व्हिसा नाकारला गेला, तर ती नाशिकला अडकेल. यातून कोणी गेले असल्यास कृपया लिहावे. तोपर्यंत मुलीचे तिकीट मी रद्द करते आहे. आजीला हे फोनवर आपणच सांगणार, असे ती म्हणते.