पेट्रोल कंपन्यांचे जुने रस्ते-नकाशे : साल कसे ठरवावे आणि संग्रह कशाभोवती उभारावा?

प्रश्न

अमेरिकेतील पेट्रोल कंपन्या पूर्वी आपल्या पंपांवर वाहनचालकांना घडीचे रस्ते-नकाशे विनामूल्य देत असत. अशा नकाशांचा एक मोठा गठ्ठा माझ्या हाती आला आहे. त्यात एसो, गल्फ, टेक्साको, मोबिल, सिंक्लेअर आणि कोनोको या कंपन्यांचे नकाशे असून बहुतेक पूर्वेकडील राज्यांचे आहेत. काहींवर साल स्पष्ट छापलेले आहे, पण बऱ्याच नकाशांवर ते कुठेच सापडत नाही. अशा नकाशांचा काळ विश्वासाने कसा ठरवावा? काहींच्या घड्या विरल्या आहेत आणि दोन-तीन तर घडीच्या टोकाशी फाटले आहेत, त्यांचे काय करावे? शिवाय यापुढे नकाशे जमवायचे झाले तर मिळेल ते घ्यावे की एखादे सूत्र धरून चालावे, याविषयीही जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १

सर्वप्रथम साल ठरवा, कारण या नकाशाचे खरे मोल एका विशिष्ट वर्षी रस्ता कुठवर पोहोचला होता हे सांगण्यात आहे. साल कळले नाही, तर उरते ते केवळ देखणे मुखपृष्ठ.

साल छापलेले नसले तरी सूचीच्या किंवा चिन्हांच्या तक्त्याच्या आसपास, अगदी कडेला, बारीक अक्षरांत व अंकांत एक संकेत छापलेला आढळतो. रँड मॅकनॅली आणि एच. एम. गूशा या नकाशाकार कंपन्यांचे असे संकेत संग्राहकांनी उलगडलेले आहेत, म्हणून भिंगाखाली चारही कडा तपासल्याशिवाय नकाशा बाजूला ठेवू नये. मात्र मी केवळ संकेतावर विसंबून राहत नाही. नकाशाच्या आत जे दाखवले आहे त्याची साक्ष मला अधिक भरवशाची वाटते.

अमेरिकेतील क्रमांकित राष्ट्रीय मार्गांची योजना नोव्हेंबर १९२६ मध्ये मंजूर झाली. तोपर्यंत लिंकन हायवेसारखे नावाने ओळखले जाणारे मार्ग होते आणि खांबांवर रंगवलेल्या पट्ट्यांवरून वाट शोधावी लागे. त्यामुळे ढालीच्या आकारातील मार्गक्रमांक नसलेला नकाशा दिसला तर तो विशेष जपावा. आंतरराज्य महामार्गांचा कायदा जून १९५६ मधला आहे, तेव्हा आंतरराज्य महामार्गांच्या लाल-निळ्या ढाली ज्या नकाशावर आहेत तो त्यानंतरचा, हे उघडच आहे. त्यानंतरच्या दीड-दोन दशकांतील आवृत्त्यांत बांधकाम चालू असलेले तुकडे तुटक रेघांनी दाखवलेले असतात. एकाच राज्याच्या लागोपाठच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की या तुटक रेघा एकेक करून अखंड होताना दिसतात, आणि मला या छंदातील सर्वांत मोठा आनंद तोच वाटतो.

पूल आणि पथकराचे रस्ते हीदेखील अचूक खूण ठरते. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या पथकर-रस्त्याचा अर्विन ते कार्लाइल हा पहिला टप्पा १ ऑक्टोबर १९४० रोजी खुला झाला. मिशिगनमधील मॅकिनॉ सामुद्रधुनीवरचा पूल नोव्हेंबर १९५७ मध्ये सुरू झाला, त्यामुळे त्या सामुद्रधुनीत पुलाऐवजी फक्त फेरीबोटीची वाट दिसली तर नकाशा त्याआधीचा समजावा. गावांच्या सूचीत लोकसंख्या दिलेली असेल तर ती १९३०, १९४० की १९५० च्या जनगणनेची आहे हे ताडून पाहावे.

मुखपृष्ठावरील नावे आणि पत्तेही बोलके असतात. ‘सोकोनी-व्हॅक्यूम’ हे (पुढे मोबिल झालेल्या कंपनीचे) नाव १९३१ ते १९५५ या काळातील आहे. ‘एसो’चे अमेरिकेत ‘एक्सॉन’ झाले ते १९७२-७३ च्या सुमारास. पत्त्यात शहराच्या नावानंतर एक-दोन अंकी टपाल विभाग क्रमांक असेल तर नकाशा १९४३ ते १९६३ या काळातला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि पाच अंकी झिप कोड (आपल्या पिनकोडसारखा टपाल क्रमांक) असेल तर तो १९६३ नंतरचाच.

प्रतिसाद २

फाटलेल्या घड्यांविषयी लिहितो. चिकटपट्टी कधीही लावू नये. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो, आणि मग तो डाग काढणे निष्णात दुरुस्तीकारालाही कठीण जाते. लॅमिनेशन तर त्याहून घातक, कारण ते सहसा परत उलटवता येत नाही.

हे नकाशे स्वस्त लाकडी लगद्याच्या कागदावर छापलेले असत. त्या कागदातील आम्लामुळे तो काळाबरोबर ठिसूळ होतो आणि सर्वांत आधी घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे भोके पडतात. तिथे मागच्या बाजूने पातळ जपानी कागदाची पट्टी गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावावी. ही खळ पुढे पाण्याने सोडवता येते, म्हणूनच ती योग्य. अर्थात हे नकाशे दोन्ही बाजूंनी छापलेले असतात, त्यामुळे पट्टी शक्य तितकी अरुंद ठेवावी, शाई पाण्याने पसरत नाही ना हे कोपऱ्यात आधी पाहावे, आणि दुर्मीळ नकाशावर हा प्रयोग स्वतः करू नये.

नकाशा मूळ घड्यांवरच मिटावा. उलट घडी घातली की कागदातील तंतू तुटतात. साठवणीसाठी पॉलिएस्टरचे पारदर्शक पाकीट घ्यावे. पीव्हीसीची पाकिटे मऊ आणि आकर्षक दिसली तरी त्यांतील द्रव्ये कालांतराने शाई ओढून घेतात. ऊन, दमटपणा आणि कसर या तिन्हींपासून संग्रह दूर ठेवावा.

प्रतिसाद ३

संग्रहाचे सूत्र विचारले आहे म्हणून माझा आग्रह मांडतो : कंपनीच्या बोधचिन्हापेक्षा नकाशाकाराकडे पाहावे. पेट्रोल कंपन्या नकाशे स्वतः काढत नसत. रँड मॅकनॅली, गूशा आणि जनरल ड्राफ्टिंग या तीन संस्थांनीच बहुतांश काम केले, आणि एकाच प्रदेशाचे त्यांचे नकाशे शेजारी ठेवले की रेखाटणीची शिस्त, अक्षरांची निवड आणि रंगांचा वापर यांतील फरक लगेच जाणवतो. एसोसाठी काम करणाऱ्या जनरल ड्राफ्टिंगचे नकाशे मला आजही सर्वांत सुवाच्य वाटतात.

याच संस्थेचे संस्थापक ऑटो लिंडबर्ग आणि त्यांचे सहायक अर्नेस्ट आल्पर्स यांनी १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्याच्या नकाशावर, कॅट्स्किल डोंगराळ भागात, आपल्या नावांच्या आद्याक्षरांची सरमिसळ करून ‘अ‍ॅग्लो’ नावाचे एक काल्पनिक गाव घातले होते. कुणी नकाशाची नक्कल केली तर ती या गावावरून उघडकीस यावी, हा हेतू होता. पुढे हेच गाव रँड मॅकनॅलीच्या नकाशावर झळकले, परंतु दरम्यान एसोच्या नकाशावरचे नाव पाहून कुणीतरी त्या जागी खरोखरच ‘अ‍ॅग्लो जनरल स्टोअर’ उघडले होते, त्यामुळे नक्कल झाल्याचा आरोप टिकू शकला नाही. आपल्या गठ्ठ्यात न्यूयॉर्कचा एसो नकाशा असल्यास रॉस्को आणि बीव्हरकिल यांच्या परिसरात अवश्य शोधून पाहावे.

आरंभाचा मान मात्र गल्फचा आहे. १ डिसेंबर १९१३ रोजी पिट्सबर्गमध्ये त्यांचा पंप सुरू झाला आणि त्याच प्रसिद्धीतून विनामूल्य नकाशांची प्रथा रुजली. ती १९७३ च्या तेलसंकटानंतर झपाट्याने मावळली.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे पेनसिल्व्हेनियाचा साल नसलेला एक नकाशा तपासला. त्यावर टर्नपाइक केवळ अर्विन ते कार्लाइल एवढाच पूर्ण दाखवला आहे आणि पत्त्यात विभाग क्रमांक आहे. याचा अर्थ तो १९४३ ते १९५० या दरम्यानचा म्हणावा का? असल्यास तो युद्धकाळातील आहे की नंतरचा, हे कसे ठरवावे?

प्रतिसाद १

आपला निष्कर्ष योग्य आहे. पूर्वेकडील विस्तार १९५० मध्ये खुला झाला, त्यामुळे वरची मर्यादा तीच राहते. आता कार्लाइलच्या पूर्वेस तुटक रेघ किंवा ‘बांधकाम चालू’ अशी नोंद आहे का ते पाहावे. असल्यास तो नकाशा त्या दशकाच्या अखेरीचा मानायला हरकत नाही. नसल्यास मजकूर वाचावा. १९४२ पासून पेट्रोल आणि टायर दोन्हींवर नियंत्रण होते, त्यामुळे युद्धकाळातील नकाशांवर सहलीच्या आमंत्रणाऐवजी गाडी आणि टायर जपून वापरण्याचे आवाहन असणे स्वाभाविक आहे. युद्धाच्या वर्षांत नकाशेही कमी छापले गेले, म्हणून तो तसा निघाला तर गठ्ठ्यातून वेगळा काढून ठेवावा.

सूत्राबाबत मी तिसऱ्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत नाही. नकाशाकारांची तुलना मोलाची आहे, पण आपल्याकडे पूर्वेकडील राज्ये अधिक असल्याने एकच राज्य निवडून १९२० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंतची मालिका पुरी करणे अधिक फलदायी होईल. पेनसिल्व्हेनिया त्यासाठी उत्तम आहे. ठरवलेला काळ आणि त्याची कारणे वेगळ्या आम्लमुक्त चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती पाकिटात नकाशामागे ठेवावी; नकाशावर काहीही लिहू नये.