'गर्व आहे' की 'अभिमान आहे'? आणि 'गोंयकारपण'ला मराठीत काय म्हणावं?

वेंगुर्ल्याहून प्रश्न:

आमच्याकडून शिरोडा-रेडीच्या पुढे तेरेखोलची खाडी लागते, पलीकडे गोवा. तिथल्या लोकांच्या तोंडी 'गोंयकारपण', म्हणजे गोवेकर असणं, हा शब्द सारखा येतो, निवडणुकीत येतो तसाच जमिनी विकण्याच्या वादातही. आपल्याकडे त्या तोलाचा शब्द कुठला? 'महाराष्ट्रीयपण' तर कोणी म्हणत नाही. गाड्यांच्या काचांवर 'गर्व आहे महाराष्ट्राचा' असं वाचतो, पण ते कानाला खटकतं.

रत्नागिरीहून:

खटकायलाच हवं. मराठीत गर्व हा दोष आहे. गर्वाचं घर खाली असतं, कुणाचा तरी गर्व उतरवायचा असतो. अभिमान वाटतो, बाळगता येतो. 'गर्व आहे' ही सरळ हिंदीची उसनवारी.

पण अभिमानाचं कुळही फार सोवळं नाही. सांख्य दर्शनाच्या 'सांख्यकारिका' या ग्रंथात 'अभिमानोऽहंकारः' अशी अहंकाराची व्याख्याच केली आहे, आणि संतांच्या अभंगांत अभिमान टाकून द्यायचा असतो. 'अस्मिते'ची गत त्याहून मजेची. पतंजलींच्या योगसूत्रांत दुःखाला कारण होणारे पाच क्लेश आहेत, त्यांत ती अविद्येच्या पाठोपाठ दुसरी. पुढे गुजरातीत क. मा. मुन्शींनी 'गुजरातची अस्मिता' रुळवली, आणि आज मराठी अग्रलेखांचं या क्लेशाशिवाय पान हलत नाही. अभिमान मात्र मधल्या काळात इतका सुधारला, की त्याची वाईट बाजू दाखवायला 'दुरभिमान', 'वृथाभिमान' असे शब्द करावे लागले. 'दुर्गर्व' कुणाला करावा लागला नाही.

गोंयकारपणासाठी मी 'बाणा' सुचवेन. मराठी बाणा. त्यात वागण्याची रीतही येते, म्हणून तर 'बाणेदार'.

लालबागहून, मूळ देवगड:

बाणा सभेत ठीक आहे हो. आमची दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न 'तुमी खयचे?' त्याचं उत्तर 'महाराष्ट्राचे' असं आजवर ऐकलं नाही. देवगडचे, मग गाव, मग वाडी, मग आडनाव, आणि तेवढ्यात दूरचं नातं निघतंच. गिरणगावात खोल्या घेऊन राहणाऱ्यांनी जी मंडळं काढली, त्यांच्या पाट्या बघा: गावाचं नाव, तालुका आणि शेवटी 'मुंबई'. राज्य कुठेच नाही.

कारण उघड आहे. पगार मुंबईत, पण सातबाऱ्यावर नाव गावात, देवळात मान गावात, पालखीला खांदा गावात. जिथे हक्क सांगता येतो तिथला अभिमान रोजचा असतो. राज्याचा अभिमान हद्द ओलांडल्यावर जागा होतो. बेंगळुरूच्या बसमध्ये मराठी ऐकू आलं की मीही वळून बघतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, तरी माझे वडील शेवटपर्यंत पत्त्यात 'जि. रत्नागिरी' लिहीत. सवय म्हणा किंवा हट्ट.

पेडण्याहून:

गोंयकारपणामागे एक मतपेटी आहे, ती विसरू नका. १६ जानेवारी १९६७ रोजी आम्हाला विचारलं गेलं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) म्हणून वेगळं राहायचं? विलीनीकरणाची खूण फूल, वेगळेपणाची दोन पानं. दोन पानं सुमारे ३४ हजार मतांनी जिंकली. आमच्या पेडण्यात मात्र फुलाला जास्त मतं होती, आणि आज त्याच घरांतली नातवंडं गोंयकारपणावर तावातावाने भांडतात. राज्याचा दर्जा आला तो ३० मे १९८७ ला.

'तुम्ही कोण' असं ज्यांना मतपत्रिकेवर विचारलं जातं, त्यांना त्या 'कोण'साठी नाव लागतं. तुमचा लढा मुंबईसह राज्य मिळवण्याचा होता, त्यामुळे शब्द मिळाला तो चळवळीचा, 'संयुक्त महाराष्ट्र'. माणसाच्या अंगी असलेल्या गुणाचं नाव त्यातून तयार झालं नाही. 'बाणा' जवळ जातो, पण बाणा एकट्यादुकट्याचाही असतो. गोंयकारपण म्हटलं की शेजारी, चर्च, देऊळ, नुस्त्याची (माशांची) कढी सगळंच आलं.

पुन्हा वेंगुर्ल्याहून:

पटलं. आमच्याकडच्या फलकांवर 'येवा, कोकण आपलोच आसा' असतं. गाव मालवणीत पुल्लिंगी, 'आमचो गाव'; पण कोकण नपुंसकलिंगी, त्याला मालवणीत 'आपलाच' हवं ना?

देवगडकर:

हवं. दोन्ही पाट्या दिसतात, मी 'आपलाच' म्हणतो. पण बघा, त्या एका ओळीत अभिमान, गर्व, अस्मिता यांपैकी काहीच नाही आणि पाहुण्यालाच मालक करून टाकलंय. हापूसच्या पेटीचा भाव विचारला की मात्र मालक कोण ते कळतं. तुमच्या काचेवर 'अभिमान आहे' लिहा, व्याकरणाने चालेल.