शास्ती माफच करायची, तर लावता कशाला?

बर्डीवाला:
डिसेंबर आला की नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये डांबर पडतं, विधानभवनाच्या भिंतींना रंग लागतो आणि पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, येतात. २०२४ च्या हिवाळी अधिवेशनात इथे ३५,७८८ कोटींच्या मांडल्या. त्याआधी जुलैत मुंबईत ९४,८८९ कोटींच्या झाल्याच होत्या. जूनच्या शेवटी ६ लाख १२ हजार कोटींचा अर्थसंकल्प मांडायचा आणि दोन आठवडे होत नाहीत तोच लाखभर कोटी कमी पडले म्हणायचं. हा अंदाज म्हणायचा की अंदाजपंचे?

ही सरकारची शिस्त. आता लोकांच्या शिस्तीकडे, म्हणजे महापालिकेच्या घरटॅक्सकडे या. मालमत्ता कर थकला की दरमहा २ टक्के शास्ती (दंड), म्हणजे वर्षाला २४. दहा हजार थकवले तर पाच वर्षांत नुसती शास्ती बारा हजार. वाचताना धडकी भरते. पण कोणालाच भरत नाही, कारण मध्येच कधीतरी शास्ती माफ करणारी अभय योजना येते. समजा ८० टक्के शास्ती माफ झाली. थकबाकीदार भरतो १२,४००. तेच दहा हजार त्याने सात टक्क्यांनी बँकेत ठेवले असतील तर पाच वर्षांत १४ हजार झाले. घरबसल्या सोळाशे रुपये कमावले त्याने. आणि जूनच्या आत रांगेत उभं राहून भरणारे आम्ही शहाणे!

माझं म्हणणं एकच आहे. अभय योजना कायमची बंद. नियम कडक आहे ना, मग तो कडकच राहू द्या.

मानेवाड्याचा पोट्टा:
भाऊ, हिशोब बरोबर हाय तुमचा, पण असा हिशोब लावून कोण टॅक्स थकवते बावा? आमच्या गल्लीत एक घर हाय, आजोबाच्या नावावर. आजोबा गेले, चार पोरं, त्यातला एक पुण्याले. वाटणी होत नाही, नामांतर होत नाही, बिल मात्र आजोबाच्याच नावानं येऊन रायलं. एक भाऊ म्हणते मी काहून भरू, दुसरा म्हणते मी राहतच नाही तिथं. शास्तीचं मीटर चालूच. आता मुद्दल तीस हजार अन् शास्ती त्याच्याहून जास्त. योजना आली नाही तर हे लोक जन्मात भरणार नाही. तुम्ही कडक राहा, पैसा मात्र विसरा.

बर्डीवाला:
चार भाऊ मिळून तीस हजार भरू शकत नाहीत? वाटणीचा वाद त्यांच्या घरचा. त्याची किंमत शहराने का मोजायची?

जमाखर्च:
पुरवणी मागण्यांवरून सरकारला बेशिस्त ठरवण्याआधी दोन गोष्टी बघा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ मध्येच त्यांची सोय आहे, ती काही पळवाट नव्हे. आणि ९४ हजार कोटी ही ढोबळ रक्कम. केंद्राचा निधी, जमाखर्चाचे समायोजन, सगळं तिच्यात धरलेलं असतं. निव्वळ भार त्याहून कमी पडतो. जुलैच्या मागण्यांत लाडकी बहीण योजनेचे २५ हजार कोटी होते हे खरं, आणि योजना आधी जाहीर करून पैसे मागून मागणं मलाही पटत नाही.

पण शिस्त नाही असं म्हणता येत नाही. २००५ पासून राज्याला वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा आहे. २०२५-२६ च्या अंदाजात राजकोषीय तूट (कर्ज काढून भरायची तफावत) राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या, म्हणजे जीएसडीपीच्या, २.७६ टक्के धरली होती, म्हणजे तीनच्या मर्यादेच्या आत. कर्ज ९.३२ लाख कोटी, साधारण १९ टक्के. मर्यादा २५ ची. लक्ष्मणरेषा अजून ओलांडलेली नाही.

ठेकेदाराचा मुलगा:
काका, ती तूट तीनच्या आत कशी राहते ते आमच्या घरी येऊन बघा. सरकारचा हिशेब रोखीचा. पैसे हातातून गेले तरच खर्च. रस्ता झाला, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, इंजिनिअरची सही झाली, बिल टेबलावर पडून आहे. हिशेबात खर्च शून्य! बिलं जितकी लटकतील तितकी तूट छान दिसते. २०२५ मध्ये राज्यभर कंत्राटदार रस्त्यावर उतरले ते उगाच नाही.

आम्ही मात्र बिल काढलं की जीएसटी भरायचा, पैसे येवोत न येवोत. उशीर झाला तर वर्षाला १८ टक्के व्याज. बाबांनी मजुरांचे पैसे द्यायला आईचं सोनं गहाण टाकलंय. तेव्हा २.७६ वगैरे आकडे आम्हाला ऐकवू नका.

जमाखर्च:
तुमचा मुद्दा मान्य. थकीत देणी तुटीत दिसत नाहीत, ही रोखीच्या पद्धतीची जुनी खोट आहे. पण त्यावरून मर्यादाच नको असा निष्कर्ष काढू नका. तीनची रेघ नसती तर कर्ज काढून आणखी दोन योजना जाहीर झाल्या असत्या आणि तुमचं बिल तरीही टेबलावरच असतं.

ठेकेदाराचा मुलगा:
मर्यादा नको असं मी कुठे म्हटलं? थकीत बिलं मर्यादेत धरा म्हणतोय. मग बघू किती टक्के निघतात.

नंदनवनची ताई:
बर्डीवाले दादा, कडकपणा शहराच्या मधोमध, बर्डीत बसून बोलायला बरा वाटतो. पूर्व आणि दक्षिण नागपूर अनधिकृत ले-आऊटवरच उभं आहे. ५७२ आणि १९०० ले-आऊट (अशा ले-आऊटांचे दोन गट) म्हटलं की इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. लोकांनी आयुष्याची पुंजी घालून प्लॉट घेतले, विकणारा पैसे घेऊन पसार. पुढे नियमित करायची रक्कम (डिमांड) भरा, प्लॉट नियमित झाल्याचं आरएल लेटर घ्या, तेव्हा कुठे बँक कर्ज देते. कोणत्या तारखेपर्यंतचे अनधिकृत प्लॉट नियमित करायचे, ही गुंठेवारी कायद्याची मुदत आधी १ जानेवारी २००१ होती, २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. ती नेली नसती तर लाखो लोक आपल्याच घरात बेकायदा राहिले असते. नियम माणसांसाठी असतात ना?

बर्डीवाला:
ताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. मुदत वीस वर्षं पुढे सरकते हे ले-आऊट पाडणाऱ्याला प्लॉट विकतानाच ठाऊक असतं. 'आज ना उद्या होईल नियमित' हेच त्याचं विक्रीचं वाक्य. मोकळी जागा सोडली नाही, नाल्यावर प्लॉट पाडले, आणि २३ सप्टेंबर २०२३ ला काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडून पूर आल्यावर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

नंदनवनची ताई:
त्या रात्री अंबाझरी तलावाच्या सांडव्याचं पाणी शिरलं ते अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत. त्या काही गुंठेवारीच्या वस्त्या नाहीत. तिथले बंगले मंजूर नकाशांचे! पुराचं खापर गरिबांच्या प्लॉटवर फोडायचं असेल तर आधी पाणी कुठे शिरलं ते तरी नीट सांगा.

मानेवाड्याचा पोट्टा:
ताईनं बरोबर पकडलं 😄

बर्डीवाला:
ठिकाणाबद्दल ताईंचं बरोबर. नाग नदी खाली पूर्वेलाच जाते आणि तिच्या काठाची दाटीही तिकडेच आहे, एवढं मात्र धरून ठेवतो.

जमाखर्च:
मूळ विषय शास्तीचा होता. माझ्या मते चूक माफीत नाही, दरात आहे. वर्षाला २४ टक्के हा दर वसूल करायला ठेवलेला नाही, धाक दाखवायला ठेवला आहे. एवढा दर लावला की माफी द्यावीच लागते. १२ टक्के ठेवा, त्यातला रुपयाही सोडू नका. आकारणीवरचा आक्षेप निकाली निघेपर्यंत मीटर बंद. आणि कधी माफी दिलीच तर ती रक्कम त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात खर्च म्हणून छापा. केंद्र सरकार करसवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचं विवरण अर्थसंकल्पासोबत २००६-०७ पासून देतंच.

बर्डीवाला:
१२ टक्के? कर्ज काढायला गेला तर त्याच्या आसपासच पडतं. मग तो महापालिकेलाच बँक समजेल. १८ च्या खाली मी येत नाही.

ठेकेदाराचा मुलगा:
१८ चालेल. तोच दर माझ्या बाबांच्या बिलालाही लावा.

मानेवाड्याचा पोट्टा:
आक्षेपाचं मीटर बंद करा हे मात्र लय बरोबर बोलले काका. बाकी १२ अन् १८ तुम्ही ठरवा, पण त्या आजोबाच्या नावाचं बिल आधी कोणाच्या तरी नावावर करून द्या. भरणाराच नाही तर टक्का कोणाले लावता?